करडईवरच्या दोन पंखांच्या माश्या

परातीतली मेथी अर्धीच निवडून झाली होती, तेवढ्यात अंगणात फवारणीच्या पंपाचा खडखडाट झाला. नानीबाई हातातल्या जुडीसकट बाहेर आली. पुसेगावजवळच्या बंजारा तांड्यावर तिची दोन एकर करडई ऐन फुलात होती.

"फवारायला निघालो याडी," रणजीत म्हणाला. आईला तो याडीच म्हणायचा. "मावा तर हायच, वरून आळ्या पडल्या. गांधीलमाश्याबी घोंगावून राहिल्या."

"गांधीलमाश्या न्हाईत त्या."

"मग मधमाश्या व्हय? माहेरचं ग्यान माहेरीच ठेव."

टोमणा बराबर बसला होता. माहेरी, शिरड शहापूरला, फुलासमोर एका जागी तरंगणाऱ्या या पट्टेवाल्या माशीला बाया मधमाशीत धरायच्या, कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. तांड्यावर ती गांधीलमाशी; दिसली की चप्पल. लग्नाच्या साली नानीबाईनं एक माशी काचेच्या पेल्याखाली धरली आणि पंख मोजले. दोनच भरले. मधमाशीला चार, गांधीलमाशीलाही चार. तेव्हापासून तिच्या लेखी दोन्ही गावं चुकलेली.

रणजीतनं फोन पुढं केला. "ही बघ, शेतीच्या ग्रुपवर कामाची माशी म्हणून ही दाखवून राहिले. पिवळीधमक हाय. आपली काळपट, म्हंजी ती ही न्हाई."

"फोटो कुठल्या मुलखातला?"

ते त्यानं पाहिलंच नव्हतं.

"थंडीत निघाली की काळपट, ऊन तापलं की पिवळी. माशी एकच. चल रानात."

तिनं करडईचं काटेरी पान अलगद उलटं केलं. त्यावर हिरवट, एका टोकाला निमुळती अळी होती.

"पाय मोज हिचे."

"न्हाईतच की."

"पान खाणारीला पाय असतात. हे त्या माशीचं लेकरू. काय खातंय बघ."

अळीनं माव्याचा एक बारीक किडा तोंडात धरून वर उचलला होता. तो हळूहळू रिकामा होत गेला, नुसतं साल उरलं. रणजीत उकिडवा बसून पाहत राहिला. मग त्यानं पाठीवरचा पंप उतरवला.

"आन मावा आवरलाच न्हाई तर?"

"लई भरलेले शेंडे आपण खुडू. देवानं राखणीला धाडलेलं लेकरू आपल्या हातानं काहून मारायचं?"

"पण शेजारच्या रानातली द्वारकामावशी तर दुपारी फवारणार हाय. औषध तिनंच सांगितलं."

नानीबाईनं अळीसकट ते पान खुडलं, पदर खोचला आणि द्वारकाबाईच्या रानाकडं निघाली. तिथला पंप सुरू व्हायच्या आत तिला हे पान दाखवायचं होतं.