लाइट गेली का?

परवा माळ्यावरून जुने कॅनव्हासचे बूट काढले. तळाला अडकलेल्या वाळक्या गवताचा वास आला आणि मला अकलोली गावामागची टेकडी आठवली.

तेव्हा मी टेमघरला कापडाच्या लूमच्या कारखान्यात सुपरवायझर होतो; दिवसरात्र मागांचा खडखडाट. रात्रीची झोप उडाली होती आणि दिवसा मी घरात सगळ्यांवर खेकसायचो. शेवटी बायकोने माझा मित्र दत्तूला गाठलं. म्हणाली, "भावोजी, यांना कुठंतरी घेऊन जा, नाहीतर मी जाते."

दत्तूने मला टेकडीवर चढवलं. बोडक्या माथ्यावर जरा टेकलो, तर डोळाच लागला. थोड्या वेळाने दचकून उठलो नि ओरडलो, "लाइट गेली का? लूम का बंद पडले?"

"लूम न्हाय रं, रान हाय हे," दत्तू म्हणाला. "हितं असंच गप असतंय."

आम्ही पोट धरून हसलो. कित्येक महिन्यांनी हसलो असेन. मग मी पुन्हा आडवा झालो, तो उन्हं कलेपर्यंत. उठलो तेव्हा दत्तू शेजारीच बसलेला, तोंड भाजून लाल.

"येड्या, खाली झाड हाय ना? सावलीत बसायचं की," मी म्हणालो.

तो नुसता हसला. त्याची सावली सगळा वेळ माझ्या तोंडावर होती, हे कळायला मला इतकी वर्षं लागली.