हिराबाईंच्या हातातला माईक

"मॅडम, तो माईक घ्या ना त्यांच्या हातातून!" मार्केटिंगचा सौरभ माझ्या कानाशी येऊन कुजबुजला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मी म्हटलं, "तू घे. बघू जमतंय का."

स्टेजवर आमच्या नेरुळच्या हॉस्पिटलचे मालक डॉ. निकम उभे होते आणि त्यांच्यासमोर सारसोळ्याच्या हिराबाई. मासे विकतात. एका हातात माईक, दुसऱ्या हातात आम्ही दिलेला गुलाब. आणि मी, या हॉस्पिटलची नर्सिंग सुपरिटेंडंट, पेशंटच्या भाषेत मेट्रन, पहिल्या रांगेत बसून मनातल्या मनात उड्या मारत होते. अहो, का म्हणजे काय? सांगते.

त्या दिवशी नर्सेस डे होता. दरवर्षी ठरलेला कार्यक्रम. केक, भाषणं, 'सेवेच्या देवी'चं बॅनर, प्रत्येक सिस्टरला एक गुलाब आणि हॉस्पिटलचं नाव छापलेला एक मग. माझ्या घरी इतके मग साठलेत की आता मी त्यांत कढीपत्त्याची रोपं लावते.

पण यंदा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. आयसीयूची माझी सर्वात तयार सिस्टर रेश्मा सोडून चालली होती. उलव्याला नवं हॉस्पिटल उघडतंय, तिथली ऑफर तिच्या हातात होती आणि त्याच संध्याकाळपर्यंत तिला हो-नाही कळवायचं होतं. ती गेली की तिच्या मागोमाग आयसीयूचा अर्धा स्टाफ जाणार, हे मला दिसत होतं. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटला एक अख्खी सिस्टर लागते. ती नसेल तर तो बेड बंद. दुसरा काही उपाय नसतो. आणि रेश्माला तरी कुठल्या तोंडानं थांब म्हणू? दिघ्यात भाड्याच्या खोलीत राहते, धाकट्या भावाची फी भरते, आणि वर डबल ड्युटी.

आदल्या दिवशी मी निकम सरांच्या केबिनमध्ये गेले. पगारवाढीचा प्रस्ताव पुन्हा एकदा पुढे केला. सर मूळचे साताऱ्याकडचे, वडिलांचा वाशीच्या मार्केटात कांद्या-बटाट्याचा गाळा होता. माणूस वाईट नाही, पण पैशाचा विषय निघाला की त्यांच्यातला डॉक्टर उठून जातो आणि गाळ्यावरचा मुलगा येऊन बसतो.

"मॅडम, इमोशनल होऊ नका. बाजारभावाप्रमाणे देतोय."

"सर, रेश्माला ऑफर..." मी सुरुवात केली, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "नेक्स्ट क्वार्टरला बघू," असं म्हणत हातानंच जायची खूण केली. झालं!

आता हिराबाई. त्यांचा नवरा न्यूमोनियानं आमच्या आयसीयूत होता. व्हेंटिलेटर लागला होता. वाचेल असं कोणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. पण गडी बरा होऊन चालत घरी गेला. सौरभला वाटलं, नर्सेस डेला यांनाच पाहुण्या म्हणून बोलावू, दोन चांगले शब्द बोलतील, व्हिडिओ काढू. कोळणीच्या हातात माईक द्यायचा आणि ती दोनच शब्द बोलेल असं समजायचं, हे फक्त मार्केटिंगवाल्यालाच सुचू शकतं.

कार्यक्रमाआधी माझ्या ऑफिसात चहा चालला होता. हिराबाई अंगभर दागिने घालून, अबोलीची वेणी माळून आल्या होत्या. रेश्माला बघताच त्यांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि थेट विचारलं, "पोरी, पगार किती देतान गो तुना?"

आमच्याकडे हे पाप! पगार कॉन्फिडेन्शियल. एचआरची तंबीच आहे, एकमेकींना सांगायचा नाही. पण ज्या बाईचा सगळा दिवस भाव विचारण्यात आणि सांगण्यात जातो, तिला कसली चोरी? रेश्मा माझ्याकडे बघायला लागली. मी खिडकीबाहेर बघायला लागले. तिनं सांगून टाकला. उलव्याचंही सांगितलं.

हिराबाईंनी बशी खाली ठेवली. "येवरंच?" एवढंच म्हणाल्या.

मला तेव्हाच कळायला हवं होतं.

स्टेजवर सुरुवात छान झाली. "मी काचंतून बघायची," हिराबाई म्हणाल्या. "ही रेश्मा नलीतून त्याचा कफ काढायची. न ती सुनंदा मावशी दर दोन तासांनी त्याला कुशीवर वलवायची."

हे कुशीवर वळवणं म्हणजे काय ते सांगते. पेशंट एकाच जागी पडून राहिला की पाठीची कातडी सडते, जखमा होतात. त्याला बेडसोर म्हणतात. ते टाळायला दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. शुद्ध नसलेला माणूस किती जड लागतो ते उचलणाऱ्यालाच ठाऊक. आमच्या मावश्या, म्हणजे वॉर्डातल्या मदतनीस बायका, दिवसभर हेच करतात.

"येवरे दिवस झोपून होता, पन पाठीवर येक फोड नाय," हिराबाईंनी सांगितलं. टाळ्या पडल्या. सौरभ खूश. आणि मग बाई निकम सरांकडे वळल्या.

"डॉक्टर, तू या पोरीला काय देतंस?"

सर हसले. सवयीनं म्हणाले, "मावशी, यांच्या सेवेचं मोल पैशांत होत नाही."

"मंग कशात होतं? गुलाबात?"

आई शप्पथ! मागच्या रांगेतून कुणाचं तरी हसू फुटलं. सौरभ माझ्याकडे धावत आला तो याच क्षणी.

सर सावरले. "तसं नाही. बाजारभावाप्रमाणेच देतो."

"कनचा बाजार? मी पन बाजारातच बसते. उलव्याचं गिऱ्हाईक जास्त भाव देतंय. ही पोर उद्या पाटी उचलून तिथं जाईल, मंग तू रिकाम्या आयसीयूत काय करशील? रागावू नको गो रेश्मा."

सरांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. "खरंय हे?"

मी उभी राहिले. "हो सर. काल तेच सांगत होते. तुमचा फोन आला."

"बरं. आपण... आपण बसून ठरवू."

"बसून नको, उभ्यानं बोल," हिराबाई म्हणाल्या. "तू पन गाल्यावरचा पोर ना? तुझ्या बापाचं दुकान मना म्हायती हाय. बोवनीचं गिऱ्हाईक कधी परत धाडलाय का त्यानं?"

बोवनी म्हणजे बोहनी, दिवसाचा पहिला सौदा. त्याला नाही म्हणत नाहीत, दोन पैसे कमी-जास्त झाले तरी सौदा तोडत नाहीत. हे मार्केटात वाढलेल्या माणसाच्या हाडात असतं. आणि मी माझ्या डोळ्यांनी बघितलं हो, सरांच्या चेहऱ्यावर गाळ्यावरचा तो मुलगा हळूहळू हसायला लागला. फक्त या वेळी तो आमच्या बाजूनं आला होता.

"बोला मावशी. काय भाव?"

"दीडपट."

"नाही परवडत. सगळ्या सिस्टरना सव्वापट."

हिराबाईंनी रेश्माकडे पाहिलं. रेश्माचा हात तोंडावर. तिनं कशीबशी मान हलवली. "चालंल. न मावश्यांचं?"

"त्या आमच्याकडे नाहीत, कॉन्ट्रॅक्टरच्या आहेत."

"माझ्या नवऱ्याच्या पाठीखाली कंत्राटदाराचा हात होता काय?"

त्यानंतर जो काही गोंधळ झाला! सुनंदा मावशी दाराशी ट्रे घेऊन उभी होती, तिनं तो खुर्चीवर ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला. ब्रदर लोक, म्हणजे आमचे पुरुष नर्स, शिट्ट्या मारायला लागले. मेट्रन असून मीही मारली असती, येत नाही म्हणून राहिले.

सरांनी हात वर केला. "मावश्यांनाही. सव्वापट. पुढच्या महिन्यापासून."

हिराबाईंनी तो गुलाब कपाळाला लावला, बोहनीचे पैसे लावतात तसा. "झाली बोवनी," म्हणाल्या आणि माईक सौरभच्या हातात देऊन खाली उतरल्या.

दुपारी सरांनी मला बोलावलं. "मॅडम, खरं सांगा. तुम्ही शिकवलंत त्यांना?"

"सर, कोळणीला भाव करायला मी शिकवणार?"

सर हसले. मी ती संधी सोडते काय? एचआरच्या टेबलासमोर खुर्ची टाकून बसले आणि सही-शिक्क्याचं पत्र घेऊनच उठले. सिस्टरांचं काम झालं. मावश्यांची वाढ झाली, पण कॉन्ट्रॅक्ट अजून सुटलेलं नाही. त्याच्या मागे आहे मी.

संध्याकाळी रेश्मानं माझ्यासमोरच उलव्याला फोन लावला. नाही म्हणाली, मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली. फोनवर हात ठेवून मला म्हणते, "मॅडम, ते आणखी वाढवून देतो म्हणतायत."

मी विचारलं, "मग?"

"मग काय, झालेला सौदा मोडला तर हिराबाई मला बाजारात फिरू देतील का?" हसत हसत तिनं फोन ठेवला आणि आयसीयूत ड्युटीला गेली.

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एवढंच शिकले. पगाराचं बोलायला जाताना रोज भाव करणारं माणूस सोबत न्यावं, आणि एकदा त्याच्या हातात माईक दिला की मधे पडू नये.