बेटा, हा वाढला का?

शेजारचे काका दार उघडलं की "ये, बस" म्हणायचे नाहीत. चष्मा कपाळावर सरकवायचे, काचेच्या टाकीकडे बोट दाखवायचे आणि विचारायचे, "बेटा, तू बाहेरची. तूच सांग, हा वाढला का?"

मी आपली विरजण मागायला गेलेली. हातात वाटी, डोक्यात बँकेची घाई. टाकीत बाकीचे मासे फिरताहेत आणि हा काळपट, ठिपक्यांचा प्लेको, काचेला तोंड चिकटवून ढिम्म. मासा कसला, कुणीतरी चिकटवून विसरून गेल्यासारखा.

"वाटतो थोडासा."

"थोडासा म्हणजे केवढा?"

आता काय सांगणार, कप्पाळ?

मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला, तेव्हा टाकी बापावर सोपवून गेला. काकू त्याआधीच वारलेल्या. दर रविवारी त्याचा फोन यायचा. तुम्हीही ऐकले असतील असे फोन. बाप मराठीत विचारणार, मुलगा हिंदीत उत्तर देणार. जेवला का? हाँ. बरा आहेस ना? हाँ. स्वतःहून तो एकच विचारायचा, "पापा, प्लेको बड़ा हुआ क्या?" त्यावर मात्र दोघं पुष्कळ बोलायचे.

"हा नाही वाढला तं पोट्टा माझ्याशी बोलंल कशावर?" काका हसत म्हणाले होते. मला काही हसू आलं नाही.

आणि मासा तर वाढतच नव्हता. की वाढत होता? मलाही धड कळेना. "मी रोज पाहून राहिलो ना, रोजच्या माणसाले समजत नाही," काका म्हणायचे. "काहून नाही वाढत हा? मले काहीच समजून नाही राहिलं."

शेवटी ते पुरानी बस्तीतल्या अ‍ॅक्वेरियमवाल्याकडे गेले. त्यानं विचारलं, "अंकल, इसको खिलाते क्या हो?" काका गोंधळले. हा शेवाळ खातो, काच साफ करतो, याला वेगळं काय द्यायचं? आपणही हेच म्हटलं असतं, नाही का? वर टाकलेले दाणे बाकीचे मासे फस्त करायचे आणि हा तळाशी उपाशी.

"मी याले नोकर समजलो बेटा," काका म्हणाले, "हा तं घरचा होता."

मग लाड सुरू झाले. लौकीच्या, म्हणजे दुधीच्या, चकत्या उकडायच्या, तरंगू नयेत म्हणून स्टीलच्या चमच्याला अडकवायच्या आणि हा अंधारातच खातो म्हणून टाकीतला दिवा बंद करून सोडायच्या. लपायला, कुरतडायला लाकूड आणलं. दर आठवड्याला थोडं पाणी बदलायचं, तेही आदल्या रात्री बादलीत भरून ठेवलेलं. स्वतःला मात्र दोन्ही वेळा खिचडी. मी रागावले तर म्हणायचे, "मले कुठं वाढायचं आहे आता?"

बहिणीच्या बाळंतपणासाठी मी अभनपूरला जाऊन राहिले. परत आल्यावर वाटी घेऊन गेले आणि टाकीपुढे उभीच राहिले. चांगला जाडजूड झाला होता की गडी.

"वाढला, काका."

"हव?"

रविवार नव्हता, तरी त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला.

पुढे काकांना चक्कर यायला लागली. मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. टाकी माझ्याकडे आली. चमचासुद्धा.

परवा बऱ्याच महिन्यांनी व्हिडिओ कॉल आला. "बेटा, वाढला का?" मी टाकीकडे पाहिलं. काय सांगू, काही कळेना. आता मीच रोज पाहणारी.

"राहू दे, तुले नाही समजणार. मले दाखव."

मी फोन टाकीकडे वळवला. "वाढला ना वो!" काका खुशीत ओरडले. मी फोन परत माझ्याकडे घेतला आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. गाल आत गेलेले. सदऱ्याच्या गळ्यात मान हरवलेली.

"काका, जेवता ना नीट?" मी विचारलं.

उत्तर मागून मुलानं दिलं. "पापा एकदम ठीक हैं, दीदी. मैं रोज देखता हूँ ना."