माहितीपत्रकातली शेवटची ओळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मॅडमना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, आणि मराठीत सांगतेय, कारण माझी शाळा इंग्रजी, विद्यापीठातलं सगळं काम इंग्रजीत, आणि इंग्रजीत मला फार गुळगुळीत बोलता येतं. ते इथे नकोय.

आधी मॅडमबद्दल. त्या स्थलांतर आणि सुरक्षा या विषयावर संशोधन करतात. दोन देशांमधला ताण भाईंदरच्या भाड्याच्या खोलीपर्यंत कसा पोचतो – एजंट कुणाकडे जास्तीचे कागद मागतो, पोलीस चौकीत भाडेकरूची नोंद करताना कुणाचा आवाज बारीक होतो – हे त्या माणसांशी बोलून समजून घेतात. मी त्यांची सहायक. मी लाजरी, समोरचा गप्प झाला की मीही गप्प. मॅडम मात्र कुठल्याही घरात सरळ फरशीवर बसतात, आणि दहा मिनिटांत तिथली बाई त्यांच्या मांडीवर बाळ देऊन चहा टाकायला उठते.

मुलाखतीआधी आम्ही माहितीपत्रक वाचून दाखवतो. त्यातली शेवटची ओळ अशी – तुम्ही कधीही, कारण न देता, तुमचं बोलणं काढून टाकायला सांगू शकता. खाली फोन नंबर. माझा.

काशीगावात एक वॉचमनकाका दोन तास बोलले. आणि मग म्हणाले, "मॅडम, रहने दो. मिटा दो." काय मुलाखत होती ती! मॅडमनी रेकॉर्डर त्यांच्याच हातात दिला, बटण दाखवलं, पुसू दिलं. बसमध्ये मी हळहळत होते, तर म्हणाल्या, "अगं, त्यांचं होतं, त्यांनी परत घेतलं." मला वाटलं, आपल्याला या बाईसारखं व्हायचंय. अजूनही वाटतं. म्हणून तर –

सांगते.

गोडदेवला एक बाई साड्यांना फॉल-पिको करते. बंगालमधून आलेली. आमच्या रिसर्च पेपरमध्ये तिला शेफाली म्हटलंय, इथेही तेच म्हणते. मॅडमना ताप होता म्हणून मी एकटी गेले होते, पहिल्यांदाच. तिची मुलगी कॉटवर बसून एकेका शब्दाखाली बोट ठेवत इंग्रजीचं पुस्तक वाचत होती. तिला खाली खेळायला पाठवलं, आणि मशीन चालवता चालवता शेफाली बोलायला लागली. मुलीला तिने बजावलं होतं – जिन्यात, शाळेच्या गेटवर, रिक्षात आपली भाषा बोलायची नाही, लोक बांगलादेशी समजतात. एकदा भर बाजारात पोरगी खुशीत बंगालीत ओरडली. शेफालीने तिच्या थोबाडीत मारली. "फिर घर आके मैं ही रोई, दीदी." मशीन थांबलं होतं.

मी उतरवून काढलेली ती मुलाखत मॅडमनी वाचली. मग म्हणाल्या, "हे मला जमलं नसतं." मॅडमना जमलं नसतं – आणि मला जमलं!

पंधरा दिवसांनी फोन आला. "दीदी, वो थप्पड़ वाला निकाल दो ना. बेटी इंग्लिश मीडियम में है. कल को पढ़ लेगी."

मी काय म्हटलं? "हाँ हाँ, निकाल देती हूँ." लगेच. अगदी गोड आवाजात.

काढलं नाही. मॅडमना कळवलंही नाही. नाव बदललंय, कोण ओळखणार – असं स्वतःला सांगितलं होतं का? सांगितलं होतं. पण ती थप्पड ओळखू शकणारी मुलगी जगात एकच होती, आणि शेफालीला भीती तिचीच होती. मला कशाची भीती होती? मॅडम रागावतील याची? छे. मॅडमनी एका मिनिटात तो भाग काढला असता. मला तेच नको होतं.

पेपर छापून आला. त्या थपडेपासूनच सुरू होतो. परिषदेत तो उतारा वाचताना मॅडम क्षणभर थांबतात – शेफालीने विश्वासाने दिलेली गोष्ट आहे म्हणून, हळुवार वाचतात. त्यांच्या इतक्या सरळ कामात मी हे घालून ठेवलंय आणि त्यांना माहीत नाही.

गेल्या महिन्यात नव्या मुलाखतींसाठी पुन्हा गोडदेवला गेले. शेफालीनेच शेजारणीला बोलावून ठेवलं होतं. ती दारात घुटमळत होती.

"अरे आ ना, पुलिस थोड़ी है!" शेफाली हसली. "अच्छी है ये दीदी. मैंने बोला मेरा निकाल दो, तो निकाल दिया."

"सच में?" शेजारणीने मला विचारलं.

कॉटवर मुलगी वाचत होती. आता बोट न ठेवता, भराभर.

मी म्हटलं, "हाँ."

मग माहितीपत्रक वाचून दाखवलं, शेवटच्या ओळीसकट, आणि रेकॉर्डर सुरू केला.