धवलारीण काकी आणि रॉकच्या गायिका

मला लिहायची सवय नाही, चुकलं तर माफ करा. आमच्या शेजारच्या काकी धवलारीण आहेत, लग्नात धवले गातात. माझ्या मोबाइलवर जुन्या रॉकच्या परदेशी गायिका लागल्या की त्या भाकरी थापता थापता थांबायच्या. इंग्रजी कळत नसे, पण खूश होऊन म्हणायच्या, "काय आवाज हाय! हिनं सासूचं कधी ऐकलं नसंल."

मग त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. परत गाता येईल का, हे डॉक्टरही सांगेनात. तरी त्या खुणेनं गाणं लावायला सांगत आणि त्या गायिकांबरोबर नुसते ओठ हलवत.

काल माणगावला कॉलेजात असताना आईचा फोन आला. "अरे, काकी हळदीला गायल्या. डीजेवाल्याला म्हणाल्या, तुझा भोंगा बंद कर, आता मी हाय."