हिरड्याचं मंजन आणि तीन मडकी

दुकानातला माल विकला की संपतो, मंडळी. किस्से मात्र सांगितले की वाढतात! जुन्नरच्या पेठेत मी जन्म काढला, पण त्या एका वर्षात जेवढे किस्से साठले तेवढे पुन्हा कधी साठले नाहीत. तेव्हा मोटार कुणी पाहिली नव्हती, पुण्याचा माल टांग्यानं यायचा, आणि माझ्या डोक्यात एकच भूत होतं: हिरड्याचं मंजन!

बापूजींचं कापडाचं दुकान. आजोबा मारवाडातून आले ते इथलेच झाले, घरात बोलणं मराठीच. मी धाकटा, हिराचंद. बापूजींच्या ओट्यावर कोपरा धरून मंजनाच्या डब्या मांडून बसलो. पण मला नुसतं विकायचं नव्हतं. कोण कुठल्या जाहिरातीनं आलं, ते मला कळायला पाहिजे होतं! म्हणून तीन मडकी ठेवली. एक मंचरच्या दवंडीचं, एक अवसरीच्या न्हाव्याचं, एक राजुरीच्या ह्यांडबिलांचं. गिऱ्हाईक आलं की गाव विचारायचं आणि त्या मडक्यात एक चिंचोका टाकायचा.

बापूजींना ही सगळी थेरं वाटायची. "माल चांगला असला की बोंबलावं लागत नाही," ते म्हणाले. "दिवाळीच्या पाडव्याला मी स्वतः इथं बसून एकेकाला विचारीन, का आलास म्हणून. तुझ्या जाहिरातीनं आलेला एकही निघाला नाही, तर मंजन बंद! मुकाट्यानं कापड मोजायचं."

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. कापड फाडत जन्म काढण्यापेक्षा मी लेण्याद्रीच्या पायऱ्या झाडल्या असत्या!

*

मंचरला धोंडिबा दवंडीवाला होता. आवाज असा, की नदीपलीकडची गुरं माना वर करायची. त्याला चार डब्या दिल्या आणि शब्द पाठ करून घेतले: "मोत्यासारखे दात, हिराचंदचं मंजन!"

महिना गेला. मंचरच्या मडक्यात एक चिंचोका नाही.

शेवटी मीच मंचरचा बाजार गाठला. धोंडिबा डफ बडवून ओरडत होता आणि अख्खा बाजार पोट धरून हसत होता. पुढं घुसून पाहिलं, तर ह्या बाबाच्या तोंडात एकही दात नाही! मिशा एवढ्या झुपकेदार, की ठरवताना मला कळलंच नव्हतं.

"धोंडिबा, अरे घात केलास माझा!"

"थांबा की शेट. फुडच्या बाजारी बगा."

पुढच्या बाजारी त्यानं डफ बडवला, दोन्ही हातांनी मिशा वर केल्या, जबडा फाकवला आणि गरजला, "बगा रं, बगा! म्या मंजन लावलं न्हाई, म्हून हे असं झालं!"

त्या आठवड्यात मंचरचे एकोणीस चिंचोके!

*

अवसरी खुर्दला किसन न्हावी. हजामत करता करता त्यानं मंजनाची गोष्ट काढायची, असं ठरलं. आठवड्यानं त्याचा निरोप आला, "वीस जण घेतो म्हनले!" मडक्यात शून्य. पुन्हा निरोप, "आनकी पंधरा!" पुन्हा शून्य.

मग मीच जाऊन त्याच्यापुढं दाढीला बसलो. किसननं मान मागं केली, वस्तरा गळ्याच्या घाटीवर टेकवला आणि गोड आवाजात विचारलं, "मंजन घेनार न्हवं, शेट?"

"घेतो, घेतो!" मी म्हणालो. माझंच मंजन, राव!

त्या दिवसापासून नियम केला. वस्तरा पुसून पेटीत गेल्यावर, डोक्याला तेल चोळताना विचारायचं. मग "घेतो" म्हणणारे पाचच निघायचे, पण पाचही यायचे. किसन मात्र रुसला. म्हणाला, "माजा आकडा लई मोटा व्हता, तुमीच पाडला!"

*

राजुरीसाठी तांबड्या कागदावर ह्यांडबिलं छापून आणली. राजुरीचे लोक एरवीही बाजाराला यायचेच, म्हणून तिथं नियम वेगळा केला. जो कागद आणून देईल त्याला एक पुडी फुकट, आणि त्याचाच चिंचोका मडक्यात.

राजुरीकर यायचे, डब्या न्यायचे, पण कागद कुणी आणीना! दिवाळीच्या तोंडावर बापूजींनी ते मडकं उपडं केलं, तर आतून नुसतं जाळं निघालं. "एक कोळी आलाय," म्हणाले. "त्याला दे पुडी."

मी तडक राजुरीला. पहिल्याच घरात शिरलो, तर देव्हाऱ्यात माझं ह्यांडबिल! वर हळद-कुंकू, पुढं झेंडूचं फूल. दुसऱ्या घरात तेच, तिसऱ्यात तेच. झालं होतं असं, की छापखान्यानं शोभेला म्हणून वर गणपतीचं चित्र टाकलं होतं.

"आजी, अहो हा कागद दुकानात आणायचा होता. पुडी फुकट होती!"

आजी माझ्यावरच उखडली. "देव कुनी दुकानात दिऊन येतं व्हय रं, मेल्या? पुडीसाटी?"

आणि देव तरी कोणता बसवला होता माझ्या मंजनावर? एकदंत! मला तर नाचावंसं वाटलं. घरोघर फिरून देव्हारे मोजले, परत आलो आणि तेवढे चिंचोके टाकले. मडकं काठोकाठ!

"देव्हारे गिऱ्हाईक होत नसतात," बापूजी म्हणाले. "पाडव्याला बघू."

*

पाडव्याला बापूजी नवं पागोटं बांधून ओट्यावर बसले. पहिला मंचरचा आला.

"का आलास?"

मी कान टवकारले. तो हात जोडून म्हणाला, "शेट, तुमचं नाव ऐकून!"

दुसरा अवसरीचा. "तुमची पुन्याई, शेट!" राजुरीची आली, तिनं तर पायच धरले. आता सणाच्या दिवशी मोठ्या माणसाच्या तोंडावर न्हाव्याचं नाव कोण घेणार? उन्हं कलली, तरी जाहिरातीचं नाव कुणी काढलं नाही. बापूजी माझ्याकडं बघून तोंड मिटून हसत होते. संपलं मंजन!

तेवढ्यात मढची ठकूबाई आली. डोंगरातून हिरडा वेचून मला घालायची ती. मागं पंधरा बायका, जन्मभर तंबाखूची मिश्री लावणाऱ्या. मढला मी ना दवंडी दिली होती, ना कागद वाटला होता.

"पंधरा डब्या बांदा," ठकूबाई म्हणाली.

"का आलीस?" बापूजींनी विचारलं. "कुणाचं नाव ऐकून?"

"नाव कशाला? दात बगून आलो!"

"कुणाचे दात?"

"कुनाचं म्हंजी? तुमचं! मागल्या बाजारी लुगडं घ्यायला आलो, तवा तुमी हसला की! म्या म्हनलं, ह्या शेटचं दात तर मिश्रीनं आमच्यावानीच काळंकुट्ट व्हतं, आन् आता कसं पांढरंफेक! ह्या बाया माजं ऐकंनात, म्हून घिऊन आले. उगडा की तोंड, दावा ह्यास्नी!"

पंधरा बायका बापूजींपुढं वाकल्या. सगळी पेठ बघत होती. मी तर बापूजींना आजवर एक डबी दिली नव्हती, आणि त्यांनी कधी मागितलीही नव्हती.

बापूजींनी उपरण्याचा पदर तोंडावर धरला आणि पदराआडून माझ्यावर खेकसले, "हिरा! उभा काय राहिलास ठोंब्यासारखा? गिऱ्हाईक खोळंबलंय!"