टाचणीबाईंची न वाचलेली फाइल

भाच्याचं बोट अकलेच्या पुढे धावलं, एवढंच खरं तर झालं. मावशीला नवी पद्धत शिकवताना "हे बघ, इथे दाबायचं," म्हणत त्याने ते बटण खरोखरच दाबलं. पडद्यावर मावशीचं नाव उमटलं आणि पुढे दोन शब्द: तपासली, पूर्ण.

"अरे, मी अजून फाइल उघडलीसुद्धा नाही!"

"पुसतो ना," म्हणायला भाच्याने तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. लिहिलेलं कुणालाही पुसता येऊ नये, अशीच व्यवस्था गेले आठ महिने तो स्वतः छाती फुगवून बांधत होता.

घरकर्ज देणाऱ्या त्या कंपनीत मावशी एकतीस वर्षं गहाणखतं तपासत होती. वाचताना ओठांत टाचणी धरायची, म्हणून टाचणीबाई. ती टाचणी निघाली की कुणाचं तरी काहीतरी चुकलंय, हे शिपायालाही कळे. फाइल ती शेवटच्या पानापासून उलटी वाचायची. "लबाडी मागच्या बाकावर बसते," हे तिचं शास्त्र.

ही कर्जं कंपनी गुंतवणूकदारांना विकायची आणि वर हमी द्यायची: एक कागद जरी कमी निघाला, तर पैसे परत. पूर्वी ही हमी नुसती कागदावर असे आणि माणसं हेलपाटे घालून चपला झिजवत. आता ती ब्लॉकचेनवर होती. म्हणजे एकच वही शेकडो संगणकांवर, आणि 'कागद कमी' अशी नोंद पडली की पैसे आपोआप परत. कुणाच्या पाया पडायला नको, कुणाला मधे पडताही येणार नाही. यातलं दुसरं कलम भाच्याला आज पहिल्यांदाच भयंकर वाटलं.

मावशीने टाचणी ओठांत धरली आणि मागून सुरुवात केली. निवृत्तीला चार महिने उरले होते. खोट्या नोंदीचा ठपका बसला, तर निवृत्तीची सगळी रक्कम अडकणार होती. पानं एकशे बारा. भाचा तीनदा पाणी पिऊन आला.

एकोणचाळिसाव्या पानावर टाचणी निघाली.

"घर दोघा भावांचं. सही एकाचीच."

"धाकट्याला उद्या बोलावू. सही घेऊ, पान आत सारू. कुणाला कळतंय?"

"आणि त्याने नाही केली सही तर? ज्यांनी पुंजी घातली, ते कुणाच्या नावावर विसंबलेत?"

"तुझे पैसे अडकतील गं! माझी तर नोकरीच जाईल!"

"मलाही भीती वाटतेय. ओरडू नकोस, हात हलतो माझा."

जुनी नोंद खोडता येत नव्हती, पण तिच्याखाली नवी लिहिता येत होती. ही सोय भाच्यानेच ठेवली होती. आपण इतकं नीट काम का करतो, असं त्याला वाटून गेलं. मावशी एका बोटाने अक्षरं शोधत 'कागद कमी'ची नोंद टाइप करत राहिली. त्याला पडद्याकडे बघवेना. बटण वाजलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग शेजारच्या केबिनमध्ये साहेबांचा फोन किंचाळला, खुर्ची मागे सरकली आणि बुटांचा आवाज दाराकडे येऊ लागला.

"मावशी," भाचा कुजबुजला, "माझं नाव नाही ना घातलंस?"

"पहिल्याच ओळीत घातलंय."